हरकत

रविवारी दुपारी आईचा फोन आला तेव्हा स्वानंद पाण्याच्या टाकीवर चढलेला होता. वाळूनं नळ तुंबला होता आणि खाली मेंढ्या कोरड्या हौदाला तोंडं लावून ओरडत होत्या. सौदीतल्या खफजी गावाबाहेर डांबरी रस्ता सोडून वाळूत आत शिरलं की ही इज्बा लागते. इज्बा म्हणजे काय, तर तारेचं कुंपण, एक तंबू, एक पत्र्याची खोली, थोडे उंट आणि मोजायला बसलं की दर वेळी वेगळा आकडा येईल इतक्या मेंढ्या. मालक अदनान गावात बंगल्यात राहायचा. इथं राहायचे दोघंच. एक स्वानंद आणि दुसरे अदनानचे म्हातारे वडील. त्यांना सगळे शायब म्हणत. शायब म्हणजे म्हातारबाबा.

स्वानंदनं पाना दातात धरून फोन कानाला लावला.

"तू नमाज पढतो का?" आईनं एकदम विचारलं.

"काय?"

"हो का न्हाई, येवढंच सांग."

"न्हाई. कोण म्हणतं?"

आई, शेवंताबाई, रडतायत की चालतायत हे कळेना, नुसता श्वास ऐकू येत होता.

गावाकडं करंजटाकळीच्या ख्रिस्ती मंडळीत लग्नाआधी तीन रविवार उपासनेत नवरानवरीची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर कळवा, असं पाळक सांगतात. कुणी कधी कळवत नाही. लोक तेवढ्यात खोकून घेतात, नाहीतर पोराला चिमटा काढून गप्प करतात. स्वानंद आणि रोशनीची नावं एकदा वाचून झाली होती. रोशनी खफजीतल्या एका दवाखान्यात नर्स होती, ती शेजारच्याच गावची, आणि दोन्ही गावांना पाळक एकच. आज दुसरा रविवार होता. शेवंताबाई नवं पातळ नेसून पुढच्या सतरंजीवर बसल्या होत्या.

"पाळकांनी नावं वाचलीच न्हाईत," त्या म्हणाल्या. "खफजीहून हरकत आली म्हणले. पुढचं समजंपतुर लग्न थांबवलंय म्हणले. सगळ्या बाया माझ्याकडं वळून बघाया लागल्या. मला उठता येईना आन बसता येईना."

"हरकत कशाची?"

"ते आत न्हाई सांगितलं. भाईर लिंबाखाली सांगितलं सगळ्यांनी. स्वानंदनं धर्म सोडला, त्याला तिथं नमाज पढताना बघितलाय म्हणून."

टाकीचा नळ सुटला. पाणी धाडकन हौदात पडलं आणि मेंढ्या एकमेकींच्या अंगावर चढल्या. स्वानंद टाकीवर तसाच उभा राहिला. इतकी वर्षं तो इथं शेण काढत होता, उंटांच्या लाथा खात होता, पण आईला चार बायांत मान खाली घालावी लागेल असं त्यानं काही केलं नव्हतं. आणि आता न केलेलं केलं म्हणून दाखवलं होतं कुणीतरी.

"या सुवान," खालून शायबनी हाक मारली. स्वानंद हे नाव त्यांच्या तोंडात बसत नसे, आणि अरबीत 'अरे'ला 'या' म्हणतात.

दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती.

शायबच्या गुडघ्यांत काही राहिलं नव्हतं. पायाच्या जखमेवर पट्ट्या चालूच असत. डॉक्टरनं सांगितलं होतं, मुलानं सांगितलं होतं, मशिदीतल्या इमामानंसुद्धा घरी येऊन सांगितलं होतं की खुर्चीवर बसून नमाज चालतो. म्हाताऱ्यानं खुर्ची शेगडीत घातली. कळायला लागल्यापासून ज्याच्यापुढं उभा राहिलो, त्याच्यापुढं आता बसू काय, असं त्यांचं म्हणणं होतं. सुरुवातीला ते एकटेच उभे राहायचे आणि पडायचे. एकदा तोंडावर पडले, ओठ फाटला. तेव्हापासून स्वानंद त्यांच्या मागं उभा राहायला लागला.

त्यानं चपला काढल्या, हात धुतले आणि गालिच्यावर त्यांच्या मागं जाऊन कंबर धरली. शायब वाकले की त्यालाही वाकावं लागे. ते खाली टेकताना सगळा भार त्याच्या मनगटांवर यायचा, आणि उठवताना गुडघा त्यांच्या पाठीशी लावून उचलावं लागे. अंगावर अदनाननं दिलेला जुना पायघोळ अरबी तोब, डोक्याला थंडीसाठी गुंडाळलेलं फडकं. लांबून बघणाऱ्याला दोन माणसं एकामागं एक नमाज पढताना दिसली असती. जवळ येऊन बघायला मात्र चार पावलं चालावं लागलं असतं.

दुपार कलल्यावर हुसेनमियाँ खुबूसच्या रोट्या आणि भुसा घेऊन आले. रत्नागिरीकडचा माणूस, खफजीत त्यांचं किराणा दुकान होतं. गाडीतून उतरताच ते हसायला लागले.

"काय रे, तू मुसलमान झालास म्हणे, आणि मला सांगितलं नाहीस? मी पेढे वाटले असते की."

"कुणी सांगितलं?"

"तुझे विश्वनाथ काका दुकानात आलेले मागच्या आठवड्यात. हळूच विचारत होते, स्वानंद नमाजाला जातो का म्हणून. मी म्हटलं, अहो, गेला असता तर पहिली खबर मला लागली असती. त्यांना वाटलं मी लपवतोय." स्वानंदचं तोंड बघून हुसेनमियाँचं हसू थांबलं. "का रे, काय झालं?"

स्वानंदला पांढरी गाडी आठवली. मागच्या आठवड्यात ती कुंपणाशी येऊन थांबली होती. तेव्हा तो असाच शायबना धरून वाकलेला होता. खफजीतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतले विश्वनाथ काका नाताळचा मेंढा निवडायला आले असणार हे त्यानं ओळखलं होतं. दरवर्षी मंडळीला मेंढा इथूनच जायचा, स्वानंद स्वतः पाठीवरून हात फिरवून चांगला भरलेला काढून द्यायचा. शायबना खाली बसवून तो बाहेर येईपर्यंत गाडी वळून गेली होती. घाईत असतील, असं वाटून त्यानं सोडून दिलं होतं.

"मला इचारायचं की," तो म्हणाला. "हाकेच्या अंतरावर होतो म्या."

"विचारलं तर उत्तर मिळतं ना," हुसेनमियाँ म्हणाले. "कुणाकुणाला ते नको असतं."

रोशनीला घरून कळलं ते ड्यूटी संपताना. दवाखान्याच्या मागच्या जिन्यात उभी राहून तिनं स्वानंदला फोन लावला आणि सगळ्यात आधी त्याच्यावरच घसरली.

"तू त्यांना नमाजाला धरतोस हे मला कधी बोलला नाहीस."

"त्यात बोलायचं काय? अंघोळीला बी धरतो. ते तरी कुठं बोललो?"

रोशनीला राग आला तसं हसूही आलं, आणि हसू आल्याचा आणखी राग आला. हा माणूस तिला भेटला तोच शायबना पाठुंगळी घेऊन दवाखान्याच्या पायऱ्या चढताना. व्हीलचेअर खाली होती, पण ती आणायला कोणी जागचं हलत नव्हतं. वर आल्यावर त्यानं म्हाताऱ्याच्या पायातली वाळू आपल्या बाहीनं पुसली आणि अस्सल नगरी मराठीत हॉस्पिटलवाल्यांचा उद्धार केला. ट्रे हातात घेऊन ती दारातच उभी होती. "मला कळतंय हं सगळं," ती म्हणाली, आणि तो कानापर्यंत लाल झाला. पुढं दर पट्टीच्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून येऊ लागला. शर्टाला मेंढ्यांचा वास यायचाच. तिला त्या वासाची सवय झाली, आणि मग एखाद्या आठवड्यात तो आला नाही की चुकल्याचुकल्यासारखं वाटायला लागलं. तिच्या बापाला मेंढ्या वळणारा जावई पसंत नव्हता. त्यांना पटवण्यात तिचं वर्ष गेलं होतं.

"येत्या रविवारी नावं वाचली गेली नाहीत तर नाताळाआधी लग्न होत नाही," ती म्हणाली. "माझी रजा परत मिळायची नाही. आणि बाबा आता पुन्हा पटायचे नाहीत. ते कारणच शोधतायत."

"मग काय करू म्हणतीस?"

"शुक्रवारी काकांकडे ये. सगळ्यांसमोर सांग."

"न्हाई," तो म्हणाला. "म्या काय चोरी केली? त्यांनी बघितलं तर त्यांनी यावं. मेंढ्या व्याया लागल्यात, थंडी पडलीय, म्हाताऱ्याला सोडून म्या कुठं जात न्हाई."

ती चिडून फोन ठेवणार होती. मग तिच्या लक्षात आलं की तो हो म्हणाला असता तर ती जास्त चिडली असती.

शुक्रवारची भक्ती विश्वनाथ काकांच्या फ्लॅटमध्ये व्हायची. इथं उघड उपासनेला बंदी, म्हणून पडदे ओढलेले, पेटी हळू, गाणंही शेजारी ऐकू जाणार नाही इतपत. काका तेलाच्या कंपनीत मोठे फोरमन होते, नगर शहरात मिशनच्या आवारात वाढलेले. खेड्यातल्या ख्रिस्ती माणसाशी बोलताना त्यांचा आवाज आपोआप सावकाश व्हायचा, समोरच्याला मराठी कमी कळतं असं समजून. रोशनीच्या बापानं तिला त्यांच्या भरवशावर पाठवलं होतं, आणि हे ते विसरू देत नसत.

प्रार्थना संपली आणि अमिता काकू चहा घेऊन आल्या. रोशनीनं कप घेतला नाही.

"काका, हरकत तुम्ही घेतली?"

सगळ्यांनी चहात बघायला सुरुवात केली.

"तुझ्या भल्यासाठी घेतली, बेटा," काका सावकाश म्हणाले. "मी या डोळ्यांनी पाहिलं. कपडे तसे, वाकणं तसं. आता तो कोणत्या धर्मात जातो तो त्याचा प्रश्न. पण आपल्या मुलीचा प्रश्न माझा आहे."

"त्याला विचारलंत?"

"असली माणसं खरं सांगतात का? साधा माणूस आहे, मेंढ्यांत राहतो. मालक म्हणेल ते करणार. त्याला म्हणावं, ती नोकरी सोड. इथं येऊन सगळ्यांपुढं साक्ष दे. मग मी पाळकांशी बोलून पाहीन."

"मेंढ्यांत राहतो," रोशनी म्हणाली. तिचा आवाज चढला, तसं कोणीतरी खिडकीकडे बघितलं. "आत्ता अर्धा तास आपण देवाला मेंढपाळ मेंढपाळ म्हणत होतो, काका. दरवर्षी त्याच्याकडचा मेंढा खाताना कुणाला वास आला नाही. उद्या माझ्याबरोबर इज्बावर चला आणि जे पाहिलंत ते त्याच्या तोंडावर सांगा. नाहीतर मी इथल्या प्रत्येकाच्या घरी जाऊन सांगेन की तुम्ही घाबरलात."

"रोशनी," एक जण म्हणाला.

"तुम्ही चहा प्या," ती त्याला म्हणाली.

अमिता काकूंनी तिच्यापुढचा कप उचलला. "जाऊन येऊ की," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "नाहीतरी मेंढा अजून ठरवायचाच आहे."

शनिवारी वारा सुटला होता. अंगातलं स्वेटर उसवून आत शिरेल असा गार वारा, आणि त्यात वाळू. रोशनी काकांच्या गाडीत मागं बसली आणि सबंध रस्ताभर बोलली नाही. इज्बावर पोहोचले तेव्हा स्वानंद कुंपणाच्या आडोशाला एका मेंढीपाशी गुडघे टेकून बसला होता. मेंढी अडली होती. तिचं पोट वर-खाली होत होतं आणि ती मान ताणून वाळूला तोंड घासत होती.

काका आलेले बघून स्वानंद उठला. हेच त्याचं चुकलं. घरी आलेल्या मोठ्या माणसाला उभं ठेवायचं नाही, हे आईनं त्याच्या हाडीमासी भिनवलं होतं. त्यानं हात धुतले, तंबूपुढं खुर्च्या मांडल्या, चहा ओतला आणि स्वतः समोर वाळूवर बसला. काकांनी खुर्चीवरची वाळू रुमालानं झटकली.

"बाप्तिस्मा कुठं झाला तुझा?" त्यांनी सुरुवात केली.

"करंजटाकळीला."

"दृढीकरण?"

"तिथंच."

"शुक्रवारी भक्तीला किती वेळा आलास यंदा?"

"काम असतं, काका."

"काम सगळ्यांनाच असतं. इथं प्रार्थना कधी करतोस? कुठली करतोस?"

मागं मेंढी ओरडली. स्वानंदनं वळून पाहिलं. "काका, तिचं पिल्लू अडलंय. जाऊन येऊ का?"

"बस. हे जास्त महत्त्वाचं आहे. मेंढ्या काय, वितच असतात."

तो बसला. काका विचारत राहिले आणि तो मान खाली घालून उत्तरं देत राहिला, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा. रोशनीला ते बघवेना. तिला काकांचा राग होता, पण त्या क्षणी त्या खाली घातलेल्या मानेचा जास्त आला.

"स्वानंद, ऊठ," ती म्हणाली. "जा तिकडं. यांना बसू दे."

तो उठला आणि जवळजवळ पळतच गेला. बाही खांद्यापर्यंत सारून त्यानं हाताला तेल चोपडलं आणि मेंढीच्या मागं आडवा झाला.

"या सुवान," तंबूतून हाक आली.

दुपार उतरणीला लागली होती. शायब काठी टेकत बाहेर आले, पाहुण्यांकडे बघून त्यांनी सलाम केला आणि गालिच्याकडे वळले. स्वानंदनं तिकडून अरबीत ओरडून सांगितलं की थोडं थांबा, हात अडकलाय. म्हातारा थांबण्यातला नव्हता. त्यांनी काठी टाकली आणि उभं राहून हात कानांपर्यंत नेले. पाय आत्ताच लटपटत होते.

रोशनी पुढं धावली. त्यांनी न बोलता तळहात वर केला. दवाखान्यात ती पाय धरायची ते चालायचं, इथं नमाजात परक्या बाईचा हात चालणार नव्हता. ती जागीच थांबली आणि वळली.

"काका, धरा त्यांना."

"मी?"

"इथं मोकळे हात तुमचेच आहेत."

काका उभे राहिले, पण हलेनात. त्यांनी बायकोकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, लांबच्या रस्त्याकडेही पाहिलं. शायब वाकायला लागले आणि एका बाजूला कलले.

"धरा," रोशनी ओरडली.

काकांनी झेप घेऊन म्हाताऱ्याला कवेत धरलं.

"चपला काढा, काका," कुंपणाकडून स्वानंदचा आवाज आला. "गालिचा हाये."

त्यांचे बूट नाडीचे होते. टाचेनं टाच रेटून त्यांनी ते कसेबसे काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता.

"कमरंत धरा. काखंत नगं, त्यांना दुखतं. आता त्यांच्यासंगं वाका. आजून. हां. आता उचला."

"अरे, किती वेळ?" काका धापा टाकत म्हणाले.

"ते थांबतील तवर. आता खाली टेकवायचं. गुडघा खाली लावा तुमचा. सोडू नगा काका, तोंडावर पडतील."

काका खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले. त्यांच्या पँटच्या गुडघ्यांना वाळू चिकटली, शर्ट कमरेतून सुटला. म्हातारा मध्ये घाई करत नव्हता. अमिता काकू खुर्चीतून उठून चार पावलं मागं गेल्या, गाडीपाशी. जिथून मागच्या वेळी नवऱ्याला दिसलं होतं तिथून त्यांनी बघितलं, आणि पदर तोंडाला लावला. त्यांचे खांदे हलत होते.

अखेर शायबनी उजवीकडे मान वळवली, मग डावीकडे, आणि तेव्हा त्यांना खांद्याशी अनोळखी तोंड दिसलं. हा कोण, असं त्यांनी विचारलं.

"सदीक," स्वानंद तिकडून म्हणाला. मित्र.

शायबनी काकांचा हात दोन्ही हातांत घेऊन थोपटला. देव तुझं भलं करो, म्हणाले.

स्वानंद आला तो कोपरापर्यंत रक्तानं भरलेला. त्यानं एक पोतं वाळूवर ठेवलं आणि त्यावर पिल्लू. पिल्लू मेलेलं होतं. चांगलं मोठं, पांढरं, तोंड काळं.

"पाय मागं दुमडला हुता," तो म्हणाला. "मगाशी हात घातला आसता तर जगलं आसतं." मान आता वर होती. "इचारा काका. काय ऱ्हायलंय इचारायचं?"

काका बूट शोधत होते.

"फोन लावा," रोशनी म्हणाली. "पाळकांना. सगळ्यांना ऐकू येईल असा."

फोन अमिता काकूंनी लावला आणि नवऱ्याच्या हातात दिला. काका घसा साफ करून म्हणाले की तो गैरसमज होता, हरकत मागे घेतो, उद्या नावं वाचा.

"पण मंडळीला काय सांगू?" पाळक म्हणाले. "तुम्ही त्या दिवशी शपथेवर बोलल्यासारखं बोललात. आता नीट खात्री करून घेतलीत ना?"

"घेतली."

"कशी?"

वारा फोनमध्ये घुमत होता. काकांनी बायकोकडे पाहिलं.

"स्वतः करून बघितलं त्यांनी, पाळकसाहेब," अमिता काकू म्हणाल्या.

काका गाडीकडे निघाले. रोशनी वाटेत उभी राहिली. एवढ्यानं तिचं समाधान झालेलं नव्हतं, आणि होईल असं तिला वाटतही नव्हतं.

"अजून एक फोन. याच्या आईला."

"पाळक सांगतीलच की उद्या."

"पाळक आत सांगतील. बोभाटा बाहेर झालाय." तिनं स्वानंदच्या खिशातून त्याचा फोन काढला, रक्त लागू नये म्हणून दोन बोटांनी, नंबर लावला आणि काकांपुढं धरला.

"हां, बोल बाळा," शेवंताबाई म्हणाल्या.

"नमस्कार. मी खफजीहून विश्वनाथ बोलतोय."

"कोण इस्वनाथ?"

काकांना वाटलं होतं, नाव सांगितलं की पुरेल. ते थांबले. रोशनीनं फोन आणखी जवळ नेला.

"ती हरकत," ते म्हणाले, "मी घेतली होती. चूक झाली. तुमच्या मुलानं धर्म वगैरे काही सोडलेला नाही."

पलीकडे पातळाची सळसळ आणि चपला ओढत चालल्याचा आवाज. मग बायकांची कुजबुज.

"थांबा जरा," शेवंताबाई म्हणाल्या. "म्या लिंबाखाली आले. हितं सगळ्या बसल्यात. ए मुन्ने, ह्याचा आवाज मोठा कसा करायचा गं? हां." त्यांचा आवाज आता स्थिर होता. "तुमी बोला आता. पहिल्यापासून. आन मोठ्यानं बोला, वारं लई हाये."